लांबचा प्रवास आणि वाढतं वय : मधल्या सुट्टीचं वेळापत्रक



मे महिन्याची सुट्टी लागली की गावी जायचे बेत सुरू होतात. मुलं उतावीळ असतात, गाडीत सामान भरून होतं आणि घरातल्या आजी हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." आपण म्हणतो, वय झालं. पण पुष्कळदा आजींना गाव नको नसतं, मागच्या वेळचे न थांबता काढलेले आठ तास नको असतात. आपल्यातलेही अनेक जण आता पन्नाशी-साठीत आहेत. म्हणून आजचा पाठ : मोठ्या वयात गाडीचा लांबचा प्रवास कसा आखायचा?

शाळेत आपण सगळ्या तासिका सलग घेत नाही. मुलं दमली की मग मधली सुट्टी, असंही नसतं. ती वेळापत्रकात आधीच लिहिलेली असते. प्रवासातले थांबेही असेच आधी ठरवावेत. "कुणाला थांबायचंय का?" असं विचारलं की मोठी माणसं संकोचाने "नाही" म्हणतात. त्यांना विचारायची वेळच येऊ देऊ नका.

वयानुसार काय बदलतं?

१. तहान कमी जाणवते. त्यात "सारखं थांबावं लागेल" या भीतीने ज्येष्ठ मंडळी पाणीच पीत नाहीत. मग थकवा येतो, डोकं दुखतं, उठताना चक्कर येते.

२. बसून राहिल्याने पायातलं रक्त वर नीट सरकत नाही, कारण पोटऱ्यांचे स्नायू हलले तरच ते वर ढकललं जातं. चार तास किंवा अधिक बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. निरोगी माणसात हा धोका मुळात कमीच असतो. पण एकच पाय सुजून दुखू लागला तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

३. अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की सावरायला वेळ लागतो.

उदाहरण : पुणे ते सावंतवाडी

आंबोलीमार्गे हे अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर. तरुण मंडळी एका दिवसात जातात. आजी-आजोबा सोबत असतील तर दोन दिवस करा.

पहिला दिवस : सकाळी साडेसहाला निघा. साताऱ्याजवळ नाश्ता, कराडला चहा आणि पाय मोकळे करणं, दुपारच्या जेवणाला कोल्हापूर. मग वामकुक्षी, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी आणि मुक्काम.

दुसरा दिवस : सकाळी लवकर निघून आजऱ्याला थांबा, मग आंबोली. तिथून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटरच आहे, पण घाटाची वळणं आहेत. तो उजेडात, सावकाश उतरा. उतरण्याआधी दहा मिनिटं थांबलात तर मळमळही कमी होते. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, पोटभर जेवण घाटानंतर ठेवा.

मुक्कामाचा खर्च वाढतो, हे खरं. पण पोहोचल्यावर दुसरा दिवस अंथरुणात जात असेल तर वाचवलेला दिवस गेलाच की!

थांब्याचा पाठ

- दीड-दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं थांबा. स्वच्छतागृह, मग थोडं चालणं, मग चहा, हा क्रम ठेवा.
- दार उघडल्यावर आधी दोन्ही पाय बाहेर, क्षणभर तसंच बसणं, मग उभं राहणं.
- पाणी घोट घोट, पण सारखं. कमरेमागे छोटी उशी.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण लांबवू नका. साखर, बिस्किटं हाताशी असू द्या. लघवी जास्त होणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळ बदलायची का ते डॉक्टरांना आधी विचारा.
- आडवं व्हायचं असेल तर गाडी थांबवून. मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

चालवणाऱ्याचंही वय असतं

पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होतं. परवाना वैध असला तरी शरीराचं ऐकायला हवं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोप अनावर होते. या वेळा टाळा, अंधारापूर्वी मुक्कामाला पोहोचा, आणि दुसरं कुणी चालवणारं असेल तर आळीपाळीने चालवा. जांभया सुरू झाल्या की गाणी लावू नका, गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या.

मुलांसाठी उपक्रम

पाचवी ते सातवीच्या मुलांना नकाशा आणि वही द्या. गावांमधली अंतरं लिहून घ्या, ताशी सरासरी ४५ किलोमीटर धरून वेळ काढायला सांगा आणि प्रत्येक थांब्याची १५ मिनिटं मिळवायला लावा. अंतर, वेळ, वेग यांचं गणित होतं आणि भूगोलही होतो. मात्र एक अट ठेवा : थांबे कुठे हवेत, हे मुलांनी आधी आजी-आजोबांशी बोलून ठरवायचं. आपल्या सोयीने बेत आखलाय हे कळलं की "मी घर सांभाळते" म्हणणाऱ्या आजी स्वतःच पिशवी भरायला घेतील.

सुट्टीच्या शुभेच्छा. सावकाश जा, सगळे मिळून जा.