रविवारची ड्यूटी

चि. सोनूस,


महिनाभर रविवारीच ड्यूटी लागतेय, उपासना चुकते, घरी येऊन शास्त्र उघडलं की डोळे मिटतात, आणि आपण प्रभूपासून लांब चाललोय असं वाटतं, असं तू लिहिलंस. ही हळहळ मला मोलाची वाटते. ज्याला उपासनेची गोडीच नाही, त्याला ती चुकल्याचं दुःख कशाला होईल?

पण येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं, ते काम वर्ज्य असलेल्या शब्बाथाच्या दिवशी, भर सभास्थानात. तो हात काही त्याच दिवशी वाळलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता आलं असतं. तरी तो थांबला नाही, आणि त्यापायी त्याने वैर ओढवून घेतलं. तुझ्या वॉर्डातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस रविवारीही बदलावीच लागते. त्यांना अलगद एका अंगावर घ्यायचं, पाठीला लाली आलीय का पाहायचं, खालची चादर ताणून बसवायची. सुरकुती राहिली तर तिथेच कातडी सोलवटते, हे तूच मला सांगितलंस. ती सुरकुती काढताना तू प्रभूपासून लांब असतेस, हे मला पटत नाही.

येशूच्या पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेचा दाखला देऊन कामाला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. प्रभूने तिला टोकलं ते तिच्या चिंतेबद्दल, तगमगीबद्दल. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण आहे, तिथेही मार्थाच वाढते आहे आणि तिला कुणी थांबवत नाही. पंडिता रमाबाईंचंच बघ. 1896-97च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो मुली-बायकांचं खाणंपिणं, आजारपणं, शिक्षण त्यांच्या डोक्यावर होतं. त्याच धबडग्यात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. छपाईचे खिळे जुळवायलाही मुक्तीतल्याच बायका होत्या.

मात्र ‘सेवा हीच प्रार्थना, वेगळी कशाला करायची’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. प्रार्थना सुटली की हात सवयीने काम करत राहतात आणि हळूहळू माणसाचा ‘सात नंबरचा बेड’ होतो. दोन पेशंटच्या मध्ये हात धुतेस ना, तेव्हा पुढच्या माणसाचं नाव मनात प्रभूसमोर घे. थकलेल्या दिवशी तेवढं पुरे. मोठ्या प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत म्हणून कुढत बसू नकोस.

आणि मंडळी सोडू नकोस. एकटीचा विश्वास फार दिवस तग धरत नाही, हे मी जवळच्या माणसांत पाहिलंय. पुढचा ड्यूटी चार्ट लागण्याआधी इनचार्ज सिस्टरना भेट आणि प्रभुभोजनाचा रविवार मागून घे, लाजू नकोस. नाहीच मिळाला तर पाळकसाहेबांना तुझ्या पाळ्या कळव. आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा तुझ्या सुटीच्या संध्याकाळी ठेवता येईल का, विचार. दोघी-तिघी आल्या तरी चालेल.

दादा-वहिनींना सलाम.

तुझी,
आत्या