आंब्याची फांदी आणि तीन करवती

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतल्याचा एक तोटा कुणी आधी सांगत नाही. घरात काहीही बिघडलं की ते आपल्यापुढे आणून ठेवतात. मिक्सर झाला, सायकल झाली, गळका नळ झाला. गेल्या मे महिन्यात मात्र माझ्यापुढे चक्क आंब्याचं झाड आलं.

साताऱ्याजवळ आमच्या गावी परसात आजीनं लावलेला रायवळ आंबा आहे. त्याची चार इंच जाडीची एक फांदी शेजारच्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर टेकली होती. पावसाच्या आत काढा, म्हणून ते दोनदा सांगून गेले. मी म्हटलं, माणूस बोलवू. आजी म्हणाली, "घरात इंजिनिअर असताना माणूस कशाला?" झालं!

फर्स्ट इयरच्या फिटिंग शॉपची पुण्याई, पहिला हात गेला हॅकसॉकडे. अर्धा इंच कापलं असेल नसेल, पातं नुसतंच घसरायला लागलं. बाहेर काढून बघतो तर दात गायब! म्हणजे होते जागेवरच, पण ओल्या भुशाच्या लगद्यानं लिंपून गेले होते. दात मोजून आपण व्हायवाला मार्क मिळवतो, पण दोन दातांमधली ती खाच कशासाठी असते हे मला शिडीवर उभं राहिल्यावर कळलं. दातानं काढलेला भुसा पातं लाकडाबाहेर येईपर्यंत त्या खाचेतच बसून राहतो. लोखंडाचा कीस बारीक, म्हणून तिथे इंचाला १८, २४, अगदी ३२ दातसुद्धा चालतात. जिवंत फांदीचा तंतू जाड, ओला आणि चिकट. त्याला जागा मोठी लागते. म्हणून झाडाच्या करवतीला इंचाला पाच ते आठच दात असतात. हॅकसॉ वाईट नव्हता, त्याला दिलेलं काम चुकीचं होतं.

मग आजोबांच्या पेटीतली सुताराची करवत काढली. ही विलायती घाटाची, म्हणजे ढकलताना कापणारी. तिनं निम्म्यापर्यंत मजल मारली आणि अशी काही अडकली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. ढकलायला गेलो की करवतीऐवजी शिडीच मागे सरकायची. मला वाटलं, ओल्या लाकडानं पातं धरलं. तेही होतंच. सुक्या लाकडासाठी दात डाव्या-उजव्या अंगाला जेमतेम वाकवलेले असतात, त्यामुळे चीर अरुंद पडते, आणि ओले तंतू पुन्हा फुलून पात्याला चिकटतात. पण खरं कारण वेगळंच होतं. मी मनात फांदी म्हणजे कॅन्टिलिव्हर धरली होती. वरून कापलं की चीर आपोआप उघडेल, असा हिशोब. पण हिचं टोक पत्र्यावर टेकलेलं होतं ना! दोन्हीकडे आधार असलेली तुळई मध्ये खाली झुकते, वरचा भाग दाबला जातो, आणि वरची चीर मिटते. एस.ओ.एम.च्या पेपरात हे गणित मी बरोबर सोडवलं होतं, बरं का.

पुढची चूक सगळ्यात महाग पडली. मी धाकट्या भावाला सांगितलं, बांबूनं टोक पत्र्यावरून बाजूला ढकल. त्यानं ढकललं. आधार गेला आणि फांदी एका क्षणात खरीखुरी कॅन्टिलिव्हर झाली. चीर उघडली, करवत निसटून खाली पडली (मी तिच्या मागोमाग पडलो नाही हे नशीब), आणि फांदी मोडली. पण तुटून पडली नाही. खालच्या बाजूची साल धरून लोंबकळली आणि खोडाची दोन फूट पट्टी सोलत खाली आली. निम्मी खोली कापली की उरलेल्या भागाचा सेक्शन मॉड्युलस, चौकोनी छेद धरला तर, चौथाईवर येतो. वजन तेवढंच, ताण चौपट. आणि लाकूड तंतूंच्या दिशेनं चिरायला फार सोपं.

आजी बाहेर आली. काही बोलली नाही. उघड्या पडलेल्या पांढऱ्या लाकडावरून तिनं हात फिरवला आणि आत गेली. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या नर्सरीवाल्या काकांना घेऊन आलो. त्यांच्या पिशवीत एक घडीची करवत होती. पातं वीतभर, किंचित वाकडं, आणि बोटानं वाकवलं तर वाकेल इतकं पातळ. मी मनात हसलो. तिनं मनगटाएवढी सुकी फांदी बघता बघता खाली उतरवली, तीही एका हातानं.

गुपित असं की ही करवत ओढताना कापते. ढकलताना पातं कॉलमसारखं दाबात येतं, म्हणून वाकू नये यासाठी ते जाड करावं लागतं. ऑयलरचं सूत्र आठवा: जाडी निम्मी केली की बकलिंगचा भार आठव्या हिश्श्यावर येतो. ओढताना पातं ताणात असतं, बकलिंगचा प्रश्नच नाही. मग पातं पातळ चालतं, चीर अरुंद पडते, भुसा कमी, कष्ट कमी. शिवाय शिडीवरचा माणूस झाडाकडे ओढला जातो, झाडापासून दूर ढकलला जात नाही. सुताराची करवत आणि ही यांच्यातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फरक हाच.

आता कुठली घ्यायची? बोटाएवढ्या फांदीला करवत नकोच, सिकेटर पुरे. त्यापुढे घडीची करवत. पात्याच्या लांबीच्या निम्म्याहून जाड फांदीला ती लावू नये, नाहीतर ओढायला जागाच उरत नाही. म्हणजे १८ सेंटिमीटरचं पातं असेल तर नऊ सेंटिमीटरपर्यंत. आमची फांदी त्याच्याही वर होती, तिला फूटभराची म्यानातली करवत हवी होती. धनुष्याच्या आकाराची बो-सॉ जाड ओंडक्यावर झकास चालते, पण दाट फांद्यांत तिची चौकट शेजारच्या फांदीला अडते. उंचावर लांब दांड्याची करवत, आणि आपण जमिनीवर. पण फांदीच्या बरोबर खाली नाही. चेनसॉ शिडीवर अजिबात नको. तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ती उसळून थेट तोंडाकडे येते. विकत घेताना दात बघा. टोकं निळसर-काळी असतील तर ती कडक केलेली असतात. धार खूप टिकते, पण गेली की कानस चालत नाही, पातंच बदलावं लागतं.

काकांनी कापायची रीतही दाखवली. टोक कशावर टेकलं असेल तर आधी बाहेरून तुकडे करत, दोरीनं बांधून उतरवत ते मोकळं करायचं. मग खोडापासून फूटभरावर खालून पाव-एक तृतीयांश काप. तिथे थांबायचं, कारण खालची बाजू दाबात असते आणि पातं धरते. त्याच्या इंच-दोन इंच बाहेर वरून दुसरा काप. फांदी मोडली तरी साल खालच्या कापापाशीच थांबते. शेवटी उरलेला खुंट. तो खोडाशी सपाट कापायचा नाही आणि लांबही ठेवायचा नाही. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तिच्या लगेच बाहेर कापायचं.

ही कड का जपायची, ते नंतर लायब्ररीत वाचलं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आतली कूज तपासली आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करून त्याला कोंडतं आणि वर नवीन लाकूड चढवतं. त्यातली महत्त्वाची भिंत त्या फुगीर कडेत असते. सपाट कापलं की ती आपण आपल्या हातानं काढून टाकतो.

शहरात राहत असाल तर करवतीच्याही आधी एक काम. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी विचारा.

काकांनी सोललेल्या सालीची लोंबती चिरफळं धारदार चाकूनं नीट कापून दिली आणि बाकी झाडावर सोडलं. यंदा दिवाळीत गेलो तेव्हा जखमेच्या दोन्ही कडांना बोटाएवढी गोल वळकटी आली होती. मधलं लाकूड अजून उघडंच आहे. करवतीला चिकटलेला चीक रॉकेलच्या बोळ्यानं पुसत बसलो होतो, तेवढ्यात आजीनं विचारलं, "पेरूची ती वाळकी फांदी कधी काढतोस?"