मोटेलच्या केबलवर स्थानिक चॅनेल कसे चढवावेत?

आपल्याकडे छपरावरचा टीव्ही ॲन्टेना आता भंगारात गेला. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाली आणि घरे डिश व केबलने व्यापली. अमेरिकेत तसे झालेले नाही. तेथे १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, पण त्याच ॲन्टेनावर डिजिटल चॅनेल आजही फुकट मिळतात. डिश-केबलचा हुन्नर हाती असलेले आपले जे कारागीर बंधू त्या देशात रोजगारासाठी गेले आहेत किंवा जाऊ पाहतात, त्यांच्यासाठी हा धडा आम्ही देत आहोत.

समजा, ४० खोल्यांचे मोटेल आहे. कपाटात डिशचे रिसीव्हर, प्रत्येकामागे एक मॉड्युलेटर, सर्वांचे सिग्नल एकत्र करणारा कंबाइनर, मग ॲम्प्लिफायर आणि तेथून कोॲक्स केबल खोल्याखोल्यांत. मालक म्हणतो, गावची केंद्रे ॲन्टेनावर फुकट येतात, ती यातच जोडून द्या. मागणी रास्त आहे. त्यात केवळ पैशाची बचत नाही. चक्रीवादळाचा इशारा कोणत्या तालुक्याला आहे हे तेथे स्थानिक केंद्रच सविस्तर सांगते, आणि रात्री मुक्कामाला आलेल्या परगावच्या प्रवाशाला ते कळण्याचा दुसरा मार्ग पुष्कळदा नसतो.

घाईतला कारागीर काय करतो? स्प्लिटर उलटा लावून ॲन्टेनाची तार कंबाइनरच्या तारेला जोडतो. चित्र येत नाही, किंवा आलेली चित्रेही तुटू लागतात. कारण हवेतील आणि केबलमधील चॅनेलची आखणी वेगळी आहे. दोन्हीकडे एका चॅनेलची रुंदी ६ मेगाहर्ट्झ असली तरी हवेतील चॅनेल १४ हे ४७० ते ४७६ मेगाहर्ट्झवर आहे, आणि केबलचे ६५ हे ४६८ ते ४७४ वर. एकाच तारेत दोन्ही आले की एकमेकांना खाणार. दुसरे असे की हवेतील सिग्नल ८ व्हीएसबी पद्धतीचा असतो आणि केबलचा डिजिटल सिग्नल क्वॅम पद्धतीचा. टीव्ही सेट चॅनेल शोधताना ‘ॲन्टेना’ किंवा ‘केबल’ यांपैकी एकच वाट धरतो. प्रवाशाने रात्री अकरा वाजता मेनू उघडून वाट बदलावी ही अपेक्षा कोणी करू नये. शिवाय हॉटेलच्या सेटमध्ये मेनूला बहुधा कुलूप असते. हॉटेलसाठीच बनवलेल्या काही सेटमध्ये दोन्हींची मिश्र यादी भरता येते, पण ४० खोल्यांत ४० तऱ्हेचे सेट असतील तर त्या भरवशावर राहू नये.

खरा उपाय म्हणजे ट्रान्सकोडर. हे यंत्र ॲन्टेनाचा ८ व्हीएसबी सिग्नल उलगडते आणि तोच मजकूर क्वॅममध्ये बांधून आपण सांगू त्या मोकळ्या केबल चॅनेलवर सोडते. चित्र पुन्हा दाबले जात नाही, म्हणून दर्जा घटत नाही. हिशोबही सोयीचा आहे: हवेतील एका चॅनेलमध्ये सेकंदाला १९.३९ मेगाबिट मजकूर असतो, आणि २५६ क्वॅमच्या एका चॅनेलमध्ये सुमारे ३८.८. म्हणजे दोन केंद्रे एका जागेत मावतात. खोल्यांतील सेट क्वॅम घेतात की नाही, एवढे मात्र यंत्र विकत घेण्याआधी दोन-तीन खोल्यांत तपासावे. एटीएससी ३.० नावाची नवी पद्धतही तेथे आली आहे. जुना ट्रान्सकोडर ती वाचत नाही, आणि त्यातील बरीच केंद्रे कुलूपबंद आहेत. तूर्त जुन्या पद्धतीचेच प्रक्षेपण धरावे.

ॲन्टेना निवडताना पडद्यावरच्या आकड्याला भुलू नका. न्यूयॉर्कचे डब्ल्यूसीबीएस केंद्र २ म्हणून दिसते, पण त्याचे प्रक्षेपण यूएचएफ ३६ वर आहे. २०२० मध्ये फेरमांडणी पुरी झाल्यापासून यूएचएफ टीव्ही ३६ वरच, म्हणजे ६०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्यावरचा पट्टा मोबाईलवाल्यांकडे गेला आहे. म्हणून ॲम्प्लिफायरच्या आधी मोबाईलचे सिग्नल अडवणारा फिल्टर लावावा. मनोरे दोन दिशांना असतील तर दोन ॲन्टेना सरळ एकत्र जोडू नयेत. तोच सिग्नल दोन वाटांनी येऊन बिघाड होतो. खांबाला अर्थिंग द्यायला तर कोणी सांगायला नको.

आता कारागिराची खरी कसोटी, ती म्हणजे पातळी. मीटर नसेल तर हे काम घेऊ नका असेच आम्ही म्हणू. नव्या चॅनेलची पातळी जुन्या डिजिटल चॅनेलच्या बरोबरीने बसवावी. नवी जोरात असली तर ॲम्प्लिफायर गुदमरतो आणि दोष जुन्या चॅनेलवर दिसतो. जुनी ॲनालॉग चॅनेल शिल्लक असतील तर क्वॅम त्यांच्यापेक्षा सुमारे ६ डेसिबल खाली ठेवावे. दोन वाटांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो, आणि आरजी-६ केबल ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० फुटांना ५ च्या घरात. म्हणून मोजमाप कपाटाशी न करता सर्वांत लांबच्या खोलीत करावे. तेथे शून्य डीबीएमव्हीच्या जवळपास मिळाले की समाधान मानावे. रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर लावावेत.

कायद्याचे एक कलम ध्यानात असू द्या. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातील कलम १११ प्रमाणे हॉटेलचालक स्थानिक केंद्राचे प्रक्षेपण पाहुण्यांच्या खोल्यांत पोचवू शकतो, पण त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. ही सवलत खोल्यांपुरती आहे. खाणावळीचा व बारचा नियम निराळा. मालक ‘लोकल चॅनेल फी’ लावण्याचा विचार करीत असेल तर काम घेण्यापूर्वीच त्याला हे सांगावे.

आणि दर सांगताना शेवटच्या दिवसाची मजुरी विसरू नये. सर्व ४० सेट पुन्हा ‘केबल’वर शोधून घ्यावे लागतात, यादी छापून प्रत्येक खोलीत ठेवावी लागते, आणि पाहुणे असलेल्या खोल्या दुपारच्या आत उघडत नाहीत.