शिंका नाकाच्या, दडे कानाला

प्रश्न : वय ३४. सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका येतात. दोन महिन्यांपासून उजव्या कानाला दडे बसतात, घसा सारखा खाकरावा लागतो. कानात तेल घालू का?

उत्तर : तेल अजिबात नको. त्रास कानाला असला तरी मूळ बहुधा नाकात आहे. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. आवंढा गिळताना ती उघडते आणि कानातला हवेचा दाब सारखा राहतो. अ‍ॅलर्जीने तिचं तोंड सुजलं, की दडे बसले. नाकातला स्राव मागून घशात उतरतो, म्हणून ते खाकरणं.

सकाळच्या शिंकांमागे बऱ्याचदा गादी-उशीतले धुळीचे सूक्ष्म किडे असतात. अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला तर नावाला बिचकू नका, मात्रा अगदी कमी असते. मान किंचित खाली, टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांपलीकडे नकोत. नाक उलट जास्त चोंदतं.

एकाच कानाचा त्रास इतका टिकलाय, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान आणि नाकाची मागची बाजू याच आठवड्यात दुर्बिणीने तपासून घ्या.