संगणकाचे अपडेट आणि परतीची वाट
(शिक्षक अभ्यासगटासाठी पाठ)

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकास वेळोवेळी अपडेट, म्हणजे नव्या दुरुस्त्या, द्याव्या लागतात. बहुधा हे काम निर्वेधपणे पार पडते. परंतु काल सुरळीत चालणारा संगणक अपडेटनंतर आज सुरूच होत नाही, असाही प्रसंग क्वचित ओढवतो. अशा वेळी गोंधळून जाऊन सर्व प्रणाली पुसून नव्याने बसविली, तर मुलांची गुणपत्रके व वर्षभराच्या नोंदी तिच्याबरोबर नष्ट होण्याचा संभव असतो. याउलट, धास्तीने अपडेट कायमचे बंद ठेवले, तर संगणकातील सुरक्षेचे दोष तसेच राहतात. हे दोन्ही मार्ग टाळावयाचे असतील तर परतीची वाट माहीत असली पाहिजे. या पाठाचा हेतू तोच आहे. येथे उबुंटू ही लिनक्सची प्रचलित आवृत्ती उदाहरणादाखल घेतली आहे.

१. एक बोधप्रद उदाहरण

जानेवारी २०१८ मध्ये संगणकाच्या प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ नावाचा गंभीर दोष जगजाहीर झाला. एखाद्या प्रोग्रॅमला जी माहिती दिसू नये, ती या दोषामुळे वाचता येत असे. तो झाकण्यासाठी उबुंटू १६.०४ करिता ४.४.०-१०८ या क्रमांकाचा नवा कर्नल त्याच महिन्यात देण्यात आला. (कर्नल म्हणजे यंत्र व प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सर्व कामांची व्यवस्था पाहणारा प्रणालीचा गाभा.) त्या कर्नलमुळे काही संगणक सुरूच होईनात. मात्र जुना कर्नल त्याच संगणकांत शिल्लक होता. ज्यांनी तो निवडला त्यांचे काम पुढे चालू राहिले. लवकरच ४.४.०-१०९ हा सुधारलेला कर्नल आला आणि अडचण दूर झाली. दुरुस्ती आवश्यक होती, ती सदोष निघाली, आणि जुन्या कर्नलच्या आधारे मधला काळ निभावून नेता आला. या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

२. बिघाड कोठे आहे ते ओळखणे

(अ) संगणक सुरूच होत नाही : नवा कर्नल बसविताना उबुंटू सामान्यतः आधीचा कर्नल ठेवून देते. संगणक सुरू करताच एस्केप कळ, आणि जुन्या यंत्रावर शिफ्ट कळ, दाबली असता ‘ग्रब’ नावाची यादी येते. तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ हा पर्याय निवडून आधीच्या क्रमांकाचा कर्नल घ्यावा. संगणक सुरू झाल्यास दोष नव्या कर्नलकडे आहे असे समजावे आणि सुधारलेला कर्नल येईपर्यंत जुन्यावरच काम करावे.

(आ) अपडेट अर्धवट राहिले आहे : काम चालू असता वीज गेली म्हणजे असे घडते. यासाठी टर्मिनल उघडून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यावी. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाची असते. तिच्यामुळे अर्धवट राहिलेली मांडणी पूर्ण केली जाते. तरीही अडचण राहिल्यास ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. मात्र काय काढले जाणार आहे याची यादी पडद्यावर येईल ती वाचल्यावाचून होकार देऊ नये.

(इ) एकच प्रोग्रॅम बिघडला आहे : अपडेटमध्ये काय काय बदलले, याची तारीखवार नोंद संगणक स्वतःच ठेवतो. ‘व्हार’ फोल्डरातील ‘लॉग’ व त्यातील ‘एपीटी’ येथे ‘हिस्टरी’ या नावाची फाइल असते. तीवरून कारणाचा माग लागतो. अद्याप न बदललेला एखादा प्रोग्रॅम तसाच ठेवावयाचा असेल, तर ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड’ या आज्ञेपुढे त्याचे नाव लिहावे. अशा रोखलेल्या प्रोग्रॅमला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. म्हणून रोखल्याची तारीख नोंदवहीत लिहावी आणि अडचण निवारण होताच ‘अनहोल्ड’ आज्ञेने तो मोकळा करावा.

३. मोठा बदल केव्हा करावा

नित्याचे अपडेट वेगळे आणि संपूर्ण प्रणालीची नवी आवृत्ती घेणे वेगळे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात. म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीमागे धावण्याचे कारण नाही. नव्या आवृत्तीत जुन्या प्रोग्रॅमचा आधारच काढलेला असू शकतो. उदाहरणार्थ, पायथन २ या भाषेची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले अनेक जुने प्रोग्रॅम पुढील आवृत्त्यांत चालेनासे झाले. यास्तव असा बदल परीक्षेच्या तोंडावर न करता उन्हाळ्याच्या सुटीत करावा.

४. पूर्वतयारी

‘टाइमशिफ्ट’ हा प्रोग्रॅम अपडेटपूर्वीच्या प्रणालीची प्रत ठेवतो व प्रसंगी ती परत आणतो. परंतु वेगळी निवड केल्याशिवाय तो वापरणाऱ्याच्या फाइलींची प्रत घेत नाही, हे विसरता कामा नये. गुणपत्रके व हजेरीच्या नोंदी पेन ड्राइव्हवर स्वतंत्रपणे उतरवून ठेवणे अगत्याचे आहे. शाळेत अनेक संगणक असतील तर अपडेट प्रथम एकावरच करावे, दोन-चार दिवस पाहावे आणि मग इतरांवर करावे.

जुन्या कर्नलवर जाण्याचा सराव संगणक ठणठणीत असतानाच अभ्यासगटात प्रत्येक शिक्षकाने एकदा करून पाहावा. हात एकदा बसला म्हणजे ऐन वेळी मन डगमगत नाही, आणि मुलांचा तासही बुडत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. अपडेट कायमचे बंद ठेवण्यात कोणता धोका आहे?
२. ‘होल्ड’ केलेल्या प्रोग्रॅमची नोंद का ठेवावी?
३. आपल्या शाळेच्या संगणकातील कोणत्या नोंदींची दुसरी प्रत आज कोठेही नाही?