सूज आधी की गाठ आधी?

प्रश्न : आमच्या काकांना, वय ५४, दोनदा स्वादुपिंडाला सूज येऊन दवाखान्यात ठेवावे लागले. मोहाची दारू आणि बिडी दोन्ही चालते. गावात म्हणतात, मनोहर पर्रीकरांनाही आधी सूजच होती, मग कर्करोग निघाला. सुजेचा कर्करोग होतो का? सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर टळेल का?
— एक वाचक, गुडीहत्नूर

उत्तर : गावातली माहिती बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ घाईचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकर रुग्णालयात दाखल झाले तेव्हा बातम्या स्वादुपिंडाच्या सौम्य सुजेच्या होत्या. ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी कर्करोग असल्याचे उघड सांगितले आणि १७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर गेले. पण सुजेतून रुजलेला कर्करोग असा महिन्यांत उभा राहत नाही. पहिल्या जनुकीय बिघाडापासून कर्करोगाची पेशी तयार व्हायला दहाएक वर्षे जातात, असा २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज आहे. सूज आणि कर्करोग इतके पाठोपाठ आले की डॉक्टरांना उलटा संशय येतो : गाठ आधीपासूनच असावी, तिने नळी दाबली, रस तुंबला आणि सूज आली. म्हणून पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सूज आली आणि दारू, पित्ताशयातले खडे यांपैकी कारण सापडले नाही, तर सूज ओसरल्यावर पुन्हा स्कॅन करायला सांगतात. ते टाळू नये.

तरीही तुमचा प्रश्न खराच आहे. सूज वर्षानुवर्षे राहिली तर ती कर्करोगाला वाट करून देते.

स्वादुपिंड अन्न पचवणारी विकरे बनवते. ती आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागावीत अशी रचना असते. दारूने, खड्याने किंवा जन्मजात दोषाने ती ग्रंथीतच जागी झाली की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. या माऱ्यातून वाचण्यासाठी रस बनवणाऱ्या पेशी आपले काम सोडून नळीच्या पेशींसारख्या होतात. सूज उतरली की बहुतेक पुन्हा मूळ रूपात येतात. पण एखाद्या पेशीत ‘केरास’ नावाचे जनुक बिघडलेले असेल तर ती परत फिरत नाही. या कर्करोगाच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत हाच बिघाड सापडतो.

मग दोष जनुकाचा की सुजेचा? माद्रिदच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रौढ उंदरांच्या स्वादुपिंडात हा बिघाड घडवला. नुसत्या बिघाडाने कर्करोग झाला नाही. जोडीला दीर्घकाळची सूज दिली तेव्हा झाला. २०२१ मध्ये अमेरिकेत आणखी एक गोष्ट दिसली : एकदा येऊन पूर्ण बरी झालेली सूजही उंदरांच्या पेशींत दीर्घकाळ खूण ठेवून जाते, आणि पुढे केरास बिघडले तर कर्करोग लवकर होतो. हे उंदरांतले आहे. माणसाला जसेच्या तसे लावू नये.

माणसांचे आकडे त्या मानाने धीर देणारे आहेत. १९९३ मध्ये सहा देशांतल्या जुनाट सुजेच्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत शंभरातल्या साधारण चौघांना कर्करोग झाला. सर्वसामान्यांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त, पण उरलेल्या शहाण्णवांना तो झाला नाही. एक-दोनदा येऊन गेलेली तीव्र सूज आणि ही जुनाट सूज यांत फरक आहे. काका अजून पहिल्या गटात असतील, पण दारू सुटली नाही तर दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही.

आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, आणखी एक प्रकार आढळतो. दारूला न शिवलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडात खडे होतात, पोट दुखते आणि मधुमेह मागे लागतो. १९९४ मध्ये मद्रासच्या १८५ अशा रुग्णांच्या पाहणीत कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे शंभर पट निघाला. घरात कुणाला असे खडे असतील तर त्यांनी पोटाच्या तज्ज्ञाकडे नियमित जायलाच हवे.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो : नको. सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज घेऊन हा कर्करोग टळतो, हे सिद्ध झालेले नाही. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

मला काकांच्या दारूइतकीच बिडीची काळजी वाटते. आपल्याकडे स्वादुपिंडाचे दुखणे म्हटले की सगळा दोष दारूवर टाकतात आणि बिडी सुटून जाते. धूम्रपान स्वतःच जुनाट सूज आणते आणि कर्करोगही. आनुवंशिक सुजेच्या कुटुंबांत धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोग न करणाऱ्यांपेक्षा सुमारे वीस वर्षे आधी झाल्याचे आढळले आहे. दारू गुत्त्यातली असो, मोहाची असो की बाटलीतली, स्वादुपिंडाला फरक पडत नाही. दोन्ही एकदम सोडवत नसतील तर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात व्यसनमुक्तीबद्दल विचारा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

काकांचे जुने स्कॅन आणि रक्ताचे अहवाल एका पिशवीत जपून ठेवा. वजन विनाकारण उतरू लागले, डोळे पिवळे झाले, पोटातली कळ पाठीत जाऊ लागली, शौच तेलकट आणि तरंगणारे होऊ लागले किंवा अचानक साखर निघाली, तर पुढची सूज येण्याची वाट पाहू नका. ती पिशवी घेऊन रिम्स गाठा आणि तिथून नागपूर किंवा हैदराबादला पाठवले तर त्याच आठवड्यात जा.