शिक्षा आणि शिस्त

'शिक्षा' हा शब्द मोठा विचार करावयास लावणारा आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. हिंदीत आजही विद्याभ्यासाला शिक्षाच म्हणतात. आपण बडोद्याची मंडळी घरी मराठीत आणि बाजारात गुजरातीत बोलतो, आणि या दोन्ही भाषांत शिक्षा म्हटले की बहुधा दंडच डोळ्यांपुढे उभा राहतो. शिकविण्याचा शब्द दंडाकडे कसा वळला, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. आम्हांस मात्र शिक्षकी पेशाच्या पहिल्याच वर्षी या दोन अर्थांमधले अंतर प्रत्यक्ष चालून मोजावे लागले. त्या वर्षाची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती येथे देत आहोत.

बडोद्यास सक्तीचे शिक्षण नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. मूल शाळेच्या दारापर्यंत कायद्याने आणता येते. परंतु बाकावर बसलेल्या मुलाचे मन फळ्याकडे वळविणे कोणत्याही कायद्यास साधत नाही. ते काम शिक्षकाचे, आणि नवशिक्या शिक्षकाची फजिती होते ती तेथेच.

जून महिन्यात आमच्याकडे इयत्ता आठवीचा गणिताचा तास आला. वर्ग मोठा होता आणि आमच्या मनात भीतीही मोठी होती. पहिल्या दिवशी मुले डोक्यावर बसली तर वर्षभर खाली उतरणार नाहीत, असा सल्ला आम्हांस पुष्कळांनी दिला होता. आम्ही चौदा नियमांचा कागद भिंतीवर लावला. बोलणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहावयाचे, गृहपाठ न आणणाऱ्यास तासभर उभे करावयाचे, असा क्रम सुरू केला. छडीला मात्र आम्ही हात लावला नाही, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यातील सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे, हे आम्हांस ठाऊक होते. त्याच कलमात त्याच वाक्यात मानसिक छळासही मनाई आहे, ही गोष्ट आम्ही वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. छडीचे काम आमची जीभ करीत होती.

ऑगस्ट महिन्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातल्या खिडकीची काच फुटली. घंटा झाल्यावर आम्ही वर्गात शिरलो, तोच एक मुलगा आपण होऊन उठला आणि म्हणाला, "सर, काच माझ्या हातून फुटली. डस्टर फेकला होता." त्याने खरे सांगितले होते, आणि कोणी विचारण्यापूर्वी सांगितले होते. आम्ही मात्र रागाच्या भरात होतो. "गणितात कधी हात वर होत नाही, काचा फोडायला बरा होतो!" असे आम्ही सर्वांदेखत म्हणालो. वर्ग हसला. त्या हशाने आम्हांस अधिकच चेव आला, आणि आम्ही त्यास तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे केले.

त्यानंतर वर्ग अतिशय शांत झाला. पर्यवेक्षक वऱ्हांड्यातून जाताना समाधानाने मान हलवीत. आपणांस शिस्त साधली, असे आम्ही समजून चाललो. पंधरा दिवसांनी वर्गातील पंख्याचे बटण मोडलेले आढळले. कोणी मोडले, असे आम्ही विचारले. एकही तोंड उघडले नाही. आम्ही पुन्हा विचारले, दरडावून विचारले. सारा वर्ग खाली मान घालून बसला. त्या मुलाकडे आमचे लक्ष गेले. तोही खाली पाहत होता. खरे बोलल्याचे फळ काय मिळते, हे त्या वर्गाने ऑगस्टमध्ये पाहिले होते आणि तो धडा त्यांनी पाठ केला होता.

पुढे सप्टेंबरात चाचणी परीक्षा झाली. बैजिक सूत्रांवर एक प्रश्न होता. अर्ध्याहून अधिक मुलांनी 'अ वजा ब' याचा वर्ग 'अ वर्ग वजा ब वर्ग' असा लिहिला होता. ही चूक एकाची नव्हती. महिनाभर ती साऱ्या वर्गात मुकाट्याने बसून होती, आणि कोणीही हात वर करून "सर, हे समजले नाही" असे म्हटले नव्हते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आम्ही शिक्षककक्षात बसलो असता एका वृद्ध सहकाऱ्यांनी सहज विचारले, "तुमचा वर्ग फार शांत असतो, असे ऐकतो. ती शांतता ऐकण्याची आहे की लपण्याची?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या गुजराती गृहस्थांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. आपल्या ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या आणि तेथला अनुभव त्यांनी पुढे महाराष्ट्रात आणला. 'दिवास्वप्न' ही एका शिक्षकाच्या प्रयोगाची कल्पित कथा आहे. त्यातील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी शांततेचा खेळ योजून जातो, मुले गोंधळ करतात, आणि अखेर त्यास वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच मुले जागची हलेनाशी होतात.

पुस्तक वाचून आम्ही भारावून गेलो, पण त्याचा अर्धाच बोध घेतला. सुट्टीनंतर चौदा नियमांचा कागद आम्ही मुलांदेखत फाडला. यापुढे शिक्षा नाही, आम्ही तुमचे मित्र, असे जाहीर केले. आठ दिवसांत वर्गाचा बाजार झाला. मागच्या बाकांवर गप्पा, मधल्या बाकांवर चित्रे, आणि आम्ही हसतमुखाने फळ्याशी उभे! शेवटी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, आम्हांला काही ऐकू येत नाही. तुम्ही त्यांना काहीच का म्हणत नाही?" तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा दुःख अधिक होते. पूर्वी आमच्या कठोरपणाने एका मुलावर अन्याय झाला होता. आता आमच्या ढिलेपणाने शिकू इच्छिणाऱ्या सर्वांवर होत होता. 'दिवास्वप्ना'तील शिक्षकाने दंड टाकून त्या जागी गोष्ट आणली होती. आम्ही दंड टाकला आणि ती जागा रिकामीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गणित बाजूस ठेवले आणि वर्गास विचारले, "या खोलीत प्रत्येकास शिकता यावे, यासाठी काय लागेल?" प्रथम कोणी बोलेना. मग आम्ही कोरे कागद वाटले व नावे न लिहिता उत्तरे मागविली. ती वाचून, चर्चा करून चार नियम ठरले. एक बोलत असता इतरांनी ऐकावे. न समजल्यास विचारावे, व विचारणाऱ्यास कोणी हसू नये. मोडले त्याने सांगावे आणि दुरुस्तीस हात लावावा. चौथा नियम पाचसहा कागदांवर निरनिराळ्या शब्दांत आला होता: सरांनी कोणास सर्वांसमोर टोचून बोलू नये.

तो नियम फळ्यावर लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला. ज्याचा अपमान चारचौघांत केला, त्याची क्षमा एकांतात मागणे हा पळपुटेपणा होईल, असे आम्हांस वाटले. आम्ही त्या मुलाचे नाव घेऊन म्हणालो, "काच फुटली त्या दिवशी तू खरे बोललास आणि आम्ही तुझा अपमान केला. चूक आमची होती." मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त मान खाली घातली. वर्गातही कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. अशा प्रसंगी सर्व काही एका क्षणात सुधारते, असे गोष्टींत असते. आमच्या वर्गात तसे झाले नाही.

सुधारणा झाली ती लहान लहान गोष्टींनी. घंटा होण्यापूर्वीच फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेवावयाचे, म्हणजे मुले आत येताच हातांस काम मिळते; वर्गातील निम्मा गोंधळ रिकाम्या पाच मिनिटांत जन्मतो. आवाज वाढला तर आपला आवाज आणखी चढवावयाचा नाही, थोडा थांबवावयाचा. दोघे बोलत असतील तर ओरडण्याऐवजी शिकवीत शिकवीत त्यांच्या बाकाशी जाऊन उभे राहावयाचे. रागवावयाचे ते तास संपल्यावर, एकट्यास बाजूला घेऊन. आणि कोणतीही शिक्षा चुकीशी नाते सांगणारी असावी: भिंत रंगविली तर ती पुसावी, दुसऱ्याचा वेळ दवडला तर त्यास राहिलेले टिपण उतरवून द्यावे. तासभर उभे राहण्याचा आणि न केलेल्या गृहपाठाचा परस्परांशी काहीच संबंध नसतो. उभे राहून गृहपाठ होत नाही.

चुकीचे कारण आधी शोधावे, हे आम्ही ताराबाईंच्या कार्यावरून शिकलो. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे आदिवासी व गोरगरीब मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखावी लागत म्हणून मुले शाळेत येत नसत. तेव्हा त्यांस दोष न देता, मुले गुरे चारीत तेथेच त्यांनी व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा भरविली. आमच्या वर्गात रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या एका मुलीस आम्ही चार महिने दाराबाहेर उभे केले होते. कारण विचारले तेव्हा कळले की, आई पहाटेच कामावर जाते आणि धाकट्या भावास त्याच्या शाळेत पोहोचवून ती येते. चार महिन्यांत हा एक प्रश्न विचारण्यास आम्हांस दोन मिनिटे सापडली नव्हती.

जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच सूत्राकडे वळलो. शिकवून होताच मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो काच फोडणारा मुलगा होता. "सर, मधली दोन 'अब' कुठून येतात, ते मला अजून समजले नाही." कोणी हसले नाही. आम्ही त्यास पुढे बोलाविले आणि दहा सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस दिला. दोन लगतच्या बाजूंनी तीन तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या त्याने आखल्या. शंभरातून प्रत्येकी तीस चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या वजा केल्या, म्हणजे चाळीस उरले, पण कोपऱ्यातला नऊचा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेल्याने दोनदा वजा झाला होता, तो एकदा परत मिळविला, झाले एकोणपन्नास. उरलेल्या चौरसाची बाजू सात, आणि साताचा वर्ग एकोणपन्नासच! "शंभरातून नुसते नऊ काढले तर एक्क्याण्णव येतात, म्हणजे ते चूक," असे तो स्वतःच म्हणाला. त्या दिवशी वर्गात बराच आवाज होता. तो आम्ही थांबविला नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. "सर, हवे तर दोन लगावा, पण याला सरळ करा," असे आपण प्रेमापोटी सांगता. त्याऐवजी मूल घरी एखादी चूक कबूल करील तेव्हा प्रथम त्याच्या खरेपणाची कदर करा, मग चुकीचे पाहा. भीतीने मूल सरळ होत नाही, सावध होते.

आणि विद्यार्थिमित्रहो, शिस्त हा शब्द फारसीतून आला असून त्याचा एक जुना अर्थ नेम, म्हणजे निशाण साधणे, असा आहे. आपल्या मराठीतही 'नेम' म्हणजे लक्ष्य आणि 'नेम' म्हणजे पाळावयाचा नियम. कशासाठी बसलो आहोत हे ठाऊक असले, की कसे बसावे हे फार सांगावे लागत नाही. आमचा स्वर अजूनही कधी कधी चढतो. तसे झाले की वर्गातील कोणीतरी काही न बोलता भिंतीवरच्या चौथ्या नियमाकडे पाहते, आणि आम्ही खाली येतो. त्या वर्षी शिस्त लागली ती वर्गास आणि आम्हांस, दोघांसही.